मोटारसायकलवर चार्जिंगची सोय: करंट कुठून घ्यावा आणि कुठे अडवावा

नागपूरच्या सीताबर्डी, सदर, धरमपेठ या भागांत जेवणाची पार्सले पोहोचवणाऱ्या मुलांचा मोबाईल सकाळपासून रात्रीपर्यंत नकाशा दाखवत असतो. हिंगण्याच्या एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्यांना परतीच्या वाटेवर फोन बंद पडलेला परवडत नाही आणि सुटीच्या दिवशी रामटेक किंवा पेंचकडे निघालेल्यांना दुपारनंतर चार्जिंगची चिंता लागतेच. त्यामुळे हॅन्डलवर यूएसबी सॉकेट बसवून घेण्याचे काम आता नागपुरातल्या जवळजवळ प्रत्येक गॅरेजमध्ये होते. चार्जर काही शे रुपयांत मिळतो, त्याच्या दोन वायरी बॅटरीला जोडल्या की निळा दिवा लागतो आणि काम झाले असे सर्वांना वाटते. प्रत्यक्षात या कामात चार्जरची कंपनी कोणती हा प्रश्न दुय्यम आहे. करंट गाडीतल्या कोणत्या जागेवरून घेतला आणि काही बिघडले तर तो कोणत्या जागी तुटेल, या दोन गोष्टींवर सगळे अवलंबून असते, आणि नेमक्या याच दोन गोष्टींकडे घाईच्या कामात दुर्लक्ष होते.

गाडीकडे वीज किती असते

मोटारसायकलच्या इंजिनाला लागून एक मॅग्नेटो असतो. इंजिन फिरले की त्यातले चुंबक कॉईलभोवती फिरतात आणि कॉईलमध्ये एसी वीज तयार होते. ही वीज रेग्युलेटर-रेक्टिफायरमध्ये जाते, तेथे तिची डीसी होते आणि तिचा दाब साधारण साडेचौदा व्होल्टपलीकडे जाऊ दिला जात नाही. त्यातून गाडीचे दिवे आणि इतर भाग चालतात व उरलेल्या विजेने बॅटरी भरते. मॅग्नेटो हा नळ आणि बॅटरी हा रांजण मानला, तर नळाची धार चालू असेपर्यंत रांजणातून थोडेफार पाणी काढल्याने काही बिघडत नाही. धार बंद असताना किंवा अगदी बारीक असताना काढलेले पाणी मात्र रांजणातूनच कमी होते.

ही धार इंजिनाच्या वेगावर ठरते. वर्धा रोडवर गाडी एका लयीत धावत असते तेव्हा मॅग्नेटोकडे वीज भरपूर असते, पण व्हरायटी चौकाच्या सिग्नलवर इंजिन मंद गतीने फिरत असताना ती बरीच कमी असते. भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनासोबत आपोआप लागतो आणि तो बंद करण्याचे बटण नसते. हॅलोजनचा साधा बल्ब ३५ वॉटचा असतो, म्हणजे दिवसाउजेडीसुद्धा तेवढी वीज सतत खर्च होते. त्यानंतर १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. त्यातील पेट्रोलचा पंप आणि ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, हे दोन्ही विजेवर चालतात. जुन्या गाडीची बॅटरी पार उतरली तरी किक मारून घरी येता येत असे. इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी अगदी रिकामी झाली तर पंप दाब धरत नाही आणि ईसीयू जागा होत नाही, शिवाय अनेक नव्या गाड्यांना किकच दिलेली नसते.

आता चार्जर किती वीज खातो ते पाहू. साधा यूएसबी चार्जर ५ व्होल्टवर २ अँपिअर, म्हणजे १० वॉट देतो. आतल्या रूपांतरात होणारी घट धरली तर तो गाडीकडून सुमारे १२ वॉट घेतो, म्हणजे एक अँपिअरहूनही कमी. १८ वॉटचा जलद चार्जर गाडीकडून साधारण दीड अँपिअर घेतो. धावत्या गाडीला हे दोन्ही ओझे सहज पेलते.

इंजिन बंद असताना हाच हिशेब पार बदलतो. ५००० एमएएचच्या मोबाईलमध्ये सुमारे १९ वॉट-तास ऊर्जा मावते आणि वाटेतली घट धरता तो पूर्ण भरायला जवळपास २४ वॉट-तास लागतात. शंभर ते सव्वाशे सीसीच्या गाडीत बॅटरी साधारण ३ ते ५ अँपिअर-तासांची असते. ती ४ अँपिअर-तासांची धरली, तर तिच्यात एकूण ४८ वॉट-तास झाले. याचा अर्थ असा की हॉटेलबाहेर ऑर्डरची वाट पाहत, चावी चालू आणि इंजिन बंद ठेवून एक मोबाईल पूर्ण भरला, तर गाडीची निम्मी बॅटरी रिकामी होते. बॅटरी थोडी जुनी असेल तर पुढच्या वेळी सेल्फ मारताना नुसता टक-टक आवाज येतो. पार्सल पोहोचवणाऱ्यांच्या गाड्यांच्या बॅटऱ्या लवकर जातात, त्यामागे हे एक मोठे कारण आहे असे मला वाटते; म्हणून त्यांच्यासाठी चार्जरला हॅन्डलवर स्वतंत्र बटण असणे ही चैन नसून गरज आहे.

चावी बंद, तरी खर्च चालू

बॅटरीला थेट जोडलेल्या चार्जरचा आणखी एक दोष लगेच लक्षात येत नाही. मोबाईल लावलेला नसला तरी चार्जरच्या आतले सर्किट जागे असते. त्यात दिवा किंवा व्होल्टेज दाखवणारे आकडे असतील तर साधारण १० ते २० मिलिअँपिअर सतत वाहत राहतात. २० मिलिअँपिअर ही नगण्य रक्कम वाटते, पण २४ तासांत ती ०.४८ अँपिअर-तास होते. वर धरलेली ४ अँपिअर-तासांची बॅटरी अशा चार दिवसांत अर्धी आणि आठवडाभरात जवळजवळ पूर्ण उतरते. उन्हाळ्याच्या सुट्यांत गाडी घरी ठेवून गावी जाणाऱ्यांनी याचा विशेष विचार करावा, कारण उष्णतेत बॅटरी आपोआप उतरण्याचा वेगही वाढतो आणि दोन्ही खर्च एकत्र येतात.

यावरचा उपाय म्हणजे चार्जरला चावीसोबत चालू-बंद होणारा करंट देणे. असा करंट शोधण्यासाठी मागच्या ब्रेक लाईटच्या स्विचकडे जाणारी वायर बहुतेक गाड्यांत सोयीची पडते, कारण चावी फिरवली की तिच्यात १२ व्होल्ट डीसी येतो. मात्र वायरीच्या रंगावर विसंबू नये. रंगांची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी असते. मल्टीमीटर (व्होल्ट आणि अँपिअर मोजणारे छोटे यंत्र) डीसीवर ठेवून चावी चालू असताना १२ व्होल्ट आणि बंद असताना शून्य दाखवणारी वायर हीच खात्रीची. पुढच्या दिव्याच्या वायरीतून चार्जरसाठी करंट घेणे टाळावे, कारण कित्येक जुन्या गाड्यांत तो दिवा मॅग्नेटोच्या एसीवर थेट चालतो. एबीएसच्या (ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) आणि इंजिनावरच्या सेन्सरांच्या वायरींना तर हातच लावू नये. त्यांच्यातले संकेत अत्यंत सूक्ष्म असतात आणि त्यात झालेली ढवळाढवळ मीटरवर चेतावणीचा दिवा पेटवते.

रिले का लावतात

ब्रेकच्या वायरीतूनच चार्जर चालवला तर काय होईल, हा प्रश्न रास्त आहे. दहा वॉटचा चार्जर त्यावर चालतोही. अडचण बिघाडाच्या वेळी येते. चार्जरमध्ये पाणी शिरून शॉर्ट झाले, तर त्या वायरीचा मूळ फ्यूज उडतो आणि त्याच फ्यूजवर असलेले ब्रेक लाईट, हॉर्न, इंडिकेटर एकदम बंद पडतात; काही गाड्यांत इंजिनही थांबते. मोबाईल चार्ज होण्याच्या सोयीपायी भर रस्त्यात ब्रेकचा दिवा गमावणे हा व्यवहार मला कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही.

रिलेमुळे हे दोन मार्ग वेगळे होतात. रिले म्हणजे विजेने दाबले जाणारे बटण. त्याच्या आत एक छोटी कॉईल असते. तिला ब्रेकच्या वायरीतून जेमतेम दीडशे मिलिअँपिअर मिळाले की ती लोखंडी पट्टी ओढून घेते आणि बॅटरीपासून चार्जरकडे जाणारा स्वतंत्र मार्ग जोडला जातो. गाड्यांच्या रिलेवर आकडे छापलेले असतात: ८५ आणि ८६ ही कॉईलची टोके, ३० वर बॅटरीकडून फ्यूजमार्गे आलेली वायर आणि ८७ वरून चार्जरकडे जाणारी वायर. कॉईल बंद होताना विजेचा एक उलटा झटका सोडते, म्हणून ईसीयू असलेल्या गाडीत आत डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) बसवलेला रिले घ्यावा आणि त्यावर छापलेल्या आकृतीप्रमाणेच ८५-८६ ची दिशा ठेवावी. काही नव्या गाड्यांत कंपनीनेच जास्तीच्या उपकरणांसाठी रिकामा कनेक्टर दिलेला असतो; गाडीच्या पुस्तिकेत तो सापडला तर यातली बरीच मेहनत वाचते. रॉयल एन्फिल्डची मिटिऑर ३५० किंवा हिरोची स्प्लेंडर प्लस एक्सटेक यांसारख्या गाड्यांत तर यूएसबीची सोय कारखान्यातूनच येते.

फ्यूज वायरीसाठी असतो

फ्यूज मोबाईलला वाचवतो असा समज फार पसरलेला आहे. तसे नाही. फ्यूजचे काम वायर पेटू न देणे हे आहे. सेल्फ मारताना हीच छोटी बॅटरी काही क्षण पन्नासेक अँपिअर देते, म्हणजे शॉर्ट झाल्यावरही ती तेवढा प्रवाह सहज सोडू शकते. चार्जरच्या बारीक वायरीतून इतका प्रवाह काही सेकंद जरी वाहिला तरी तिचे आवरण वितळते, आणि ही वायर पेट्रोलच्या टाकीखालून गेलेली असते.

फ्यूज बॅटरीच्या धन टोकाच्या शक्य तितक्या जवळ, वीतभर अंतराच्या आत का असावा, याचे कारण यातच आहे. हॅन्डलजवळ चार्जरच्या शेजारी फ्यूज बसवला, तर बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी वायर संरक्षणाविना राहते, आणि घासून शॉर्ट होण्याची शक्यता नेमकी त्याच भागात सर्वाधिक असते. बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ चार्जरच्या वायरीवर फ्यूज होल्डर बसवलेलाच असतो, पण तो चार्जरकडच्या टोकाला असेल तर नव्याने बॅटरीजवळ घ्यावा. एक यूएसबी चार्जर असेल तर ३ किंवा ५ अँपिअरचा पात्याचा फ्यूज पुरतो. ३ चा जांभळा आणि ५ चा फिकट तपकिरी असतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी १५ किंवा २० चा टाकणे, अथवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून वेळ मारून नेणे, म्हणजे फ्यूज काढून टाकण्यासारखेच आहे.

वायर एक चौरस मिलिमीटरची, अनेक बारीक तारांची तांब्याची घ्यावी. तिच्यात मीटरमागे जेमतेम १८ मिलिओहम रोध असतो, त्यामुळे दोन अँपिअर वाहत असताना जाण्या-येण्याच्या वायरीत मिळून व्होल्टचा दहावा हिस्साही वाया जात नाही. हवा भरण्याच्या छोट्या पंपासाठी गोल १२ व्होल्टचा सॉकेट हवा असेल तर बाब वेगळी आहे. असा पंप दहा अँपिअरपर्यंत घेऊ शकतो. त्याला दीड चौरस मिलिमीटरची वायर आणि पंपाच्या गरजेप्रमाणे १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज लागतो आणि तो इंजिन चालू ठेवूनच वापरावा. शंभर सीसीच्या गाडीवर असा सॉकेट बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जोडणी करताना

काम सुरू करताना बॅटरीचे ऋण टोक आधी सोडावे आणि शेवटी ते सर्वांत उशिरा लावावे. संपूर्ण सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असतो, त्यामुळे ते लागलेले असताना धन टोकाच्या नटावरचा पाना चुकून सांगाड्याला टेकला तर तेथेच मोठी ठिणगी पडते. चार्जरची ऋण वायर सांगाड्यावरच्या रंगवलेल्या बोल्टला न देता थेट बॅटरीच्या ऋण टोकाला न्यावी. वायरीच्या टोकाला थिंबल, म्हणजे धातूची कडी, दाबून बसवावे. तारा पिळून नटाखाली अडकवल्या की गाडीच्या थरथरीने त्या एकेक करून तुटत जातात आणि वरून मात्र सर्व ठीक दिसते.

सर्वांत जास्त बिघाड होतात ते हॅन्डलच्या मानेपाशी. टाकी काढून एखाद्या जुन्या जोडणीकडे पाहिले तर तेथे काय घडते ते स्पष्ट दिसते. हॅन्डल डावीकडे पूर्ण वळले की वायर ताणली जाते, उजवीकडे वळले की ती मान आणि सांगाड्याच्या कडेमध्ये चेपली जाते. काही महिन्यांत आवरणावर आधी पांढरी रेघ उमटते, मग चीर पडते आणि आतले तांबे हिरवट होऊन दिसू लागते. म्हणून गाडीच्या मूळ वायरींचा जुडगा ज्या वाटेने हॅन्डलपर्यंत गेला आहे, त्याच वाटेने आणि तेवढीच ढील देऊन नवी वायर न्यावी, वरून स्लीव्ह चढवावी आणि सायलेन्सर व इंजिनाच्या गरम भागांपासून ती दूर बांधावी. सॉकेटचे तोंड खाली किंवा बाजूला असावे व त्यावर रबरी झाकण असावे. वायर सॉकेटमध्ये शिरण्याआधी थोडी खाली वाकवून वर नेली तर तिच्यावरून ओघळणारे पावसाचे पाणी वाकावरूनच गळून पडते. पाऊस चालू असताना मोबाईल चार्जिंगला लावू नये. ओल्या पिनांमध्ये ५ व्होल्ट असला की त्या फार लवकर गंजतात.

चार्जर घेताना त्यावर आत येणाऱ्या व्होल्टेजची मर्यादा पाहावी. ९ ते २४ व्होल्ट असे लिहिलेले असावे, कारण सेल्फ मारताना दाब दहा व्होल्टच्या आसपास घसरतो आणि रेग्युलेटर बिघडला तर सोळाच्या वरही चढू शकतो. चार्जिंग फार हळू होते या तक्रारीचे कारण बहुधा डेटाच्या पिनांत असते. चार्जरने त्या पिनांवरून ‘मी चार्जर आहे’ असा संकेत दिला नाही तर मोबाईल त्याला संगणकाचा सॉकेट समजून अवघे ५०० मिलिअँपिअर घेतो, आणि नकाशा चालू असताना तेवढ्याने टक्का वाढत नाही, उलट घटतो.

मे महिन्यातले नागपूर

येथपर्यंतचे सर्व नियम पुण्यालाही लागू आहेत. नागपुरात उन्हाचा प्रश्न वेगळा आहे. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरीस सुरू होणाऱ्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत पारा ४५ अंशांपुढे जातो तो सावलीत. हॅन्डलवरच्या होल्डरमध्ये अडकवलेल्या काळ्या मोबाईलवर थेट ऊन असते, पडदा पूर्ण उजेडावर असतो, जीपीएस आणि इंटरनेट चालू असतात, आणि त्यात चार्जिंगची उष्णता मिसळते. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये हा सर्वसाधारण नियम आहे, आणि ॲपल कंपनी आपला फोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरावा असे सांगते. मोबाईल ठरावीक तापमानानंतर स्वतःच चार्जिंग थांबवतो. त्या वेळी चार्जर खराब झाला असे समजून तो बदलणारे लोक आहेत, पण दोष चार्जरचा नसतो.

म्हणून उन्हाळ्यात जलद चार्जिंगचा आग्रह धरू नये. दहा वॉटवर मोबाईल कमी तापतो. दुपारी शक्य असेल तर तो होल्डरमध्ये न ठेवता टाकीवरच्या कापडी बॅगेत सावलीत ठेवून चार्ज करावा आणि रस्ता कानातल्या सूचनांवरून समजून घ्यावा. पॉवर बँकही लिथियमचीच असते, तेव्हा ती उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत सोडून जाऊ नये. होल्डरबाबत आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे: मोटारसायकलच्या तीव्र थरथरीने कॅमेऱ्यातील हलती भिंगे बिघडू शकतात, असा इशारा ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये दिला होता. थरथर शोषणारा होल्डर घेणे त्यामुळे योग्य ठरते.

ज्यांचा रोजचा प्रवास महाल ते सदर एवढाच आहे, त्यांनी गाडीच्या वायरींना हात न लावता खिशात छोटी पॉवर बँक ठेवावी. १०,००० एमएएचची बँक ५००० एमएएचचा मोबाईल एकदा पूर्ण भरून थोडी उरते. वॉरंटीत असलेल्या गाडीची मूळ वायर कापली तर विजेच्या बिघाडाची भरपाई नाकारली जाऊ शकते, हेही लक्षात घ्यावे.

काम झाल्यावरची तपासणी

गॅरेजमधून गाडी घेण्यापूर्वी फ्यूज कुठे बसवला आहे ते मेकॅनिककडून दाखवून घ्यावे आणि तोच फ्यूज काढून चार्जर बंद पडतो का ते पाहावे. मग इंजिन मंद चालू ठेवून, मोबाईल चार्जिंगला लावून, हॅन्डल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावे. चार्जिंग तुटत असेल तर वायर कुठेतरी चेपत आहे. त्यानंतर मल्टीमीटर बॅटरीवर लावावा. मंद गतीला दाब १३ व्होल्टच्या वर असेल आणि थोडा ॲक्सिलरेटर दिल्यावर १३.५ ते १४.५ च्या दरम्यान जात असेल तर गाडी हे ओझे नीट पेलते आहे. मंद गतीला तो १२.५ च्या जवळ घसरत असेल तर सिग्नलवर चार्जर बंद ठेवण्याची सवय लावावी, आणि गती वाढवूनही तो वाढत नसेल तर दोष चार्जरच्या आधीपासूनचा आहे. मॅग्नेटो व रेग्युलेटर आधी तपासून घ्यावेत.

शेवटी, चावी बंद करून बॅटरीचे ऋण टोक सोडावे आणि मल्टीमीटर अँपिअरच्या मोठ्या रेंजवर ठेवून ते टोक व वायर यांच्यामध्ये जोडावा. या अवस्थेत चावी फिरवू नये आणि सेल्फ तर मुळीच मारू नये, नाहीतर मीटरचा फ्यूज जाईल. आकडा स्थिर झाल्यावर रेंज मिलिअँपिअरवर आणावी, चार्जरचा फ्यूज काढून एकदा आणि लावून एकदा वाचन घ्यावे. दोन्ही आकडे सारखे आले, तर चावी बंद असताना चार्जर बॅटरीतून काहीही घेत नाही.